शनिवारी बंद असलेला घाणा पाहायला

नाशिकला द्राक्षाचा रस घेऊन जाणारा माणूस तुम्ही कधी पाहिला आहे का? नसेल, तर तो त्या शुक्रवारी सकाळी ठाणे स्टेशनच्या फलाटावर उभा होता. गळ्यात मफलर, हातात पिशवी, पिशवीत टॉवेलात गुंडाळलेल्या परदेशी द्राक्षरसाच्या बाटल्या आणि चेहऱ्यावर राजदूताचा रुबाब. तो माणूस म्हणजे मी.

बाटल्या ऑर्लीने माझ्या गळ्यात मारल्या होत्या. ऑर्ली ही मुंबईची, तिशीची, चटपटीत मुलगी. एका कुटुंबाने काढलेल्या संस्थेचं इकडचं काम ती पाहते. कुटुंब आमच्यातलंच, मराठी ज्यूंपैकी. फार वर्षांपूर्वी परदेशी गेलं, तिथे त्याची भरभराट झाली, आणि आता इकडे मागे राहिलेल्या आम्हा थोड्याथोडक्या लोकांसाठी ते काही ना काही करत असतं. कुठे सिनेगॉगचं गळकं छप्पर, कुठे कबरस्तानाची भिंत, मुलांना हिब्रूचे वर्ग, मराठी अर्थासकट छापलेली प्रार्थनेची पुस्तकं, सणाला लांबच्या गावांतून माणसं आणायला बस. आणि माझ्यासारख्या वाचाळाला तिकीट काढून द्यायचं, की जा बाबा, अमुक ठिकाणी आपली चार घरं आहेत, तिथे शुक्रवारी संध्याकाळी बसून गोष्टी सांग. मी ठाण्याच्या एका शाळेत नाटकं बसवतो. आयते श्रोते आणि परतीचं तिकीट, नटाला आणखी काय हवं?

ज्यांना आम्ही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आमचे पूर्वज कोकणच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले, अशी आमची कथा. पोटासाठी त्यांनी तेलाचा घाणा धरला. बाकी सगळं विसरले, पण शनिवारी काम करायचं नाही एवढं विसरले नाहीत. शेजाऱ्यांनी नाव ठेवलं, शनिवार तेली. पुढे आमची माणसं रेल्वेत गेली, फौजेत गेली, बायका दवाखान्यात नर्सा झाल्या, आणि घाणा गेला तो गेलाच.

तो परत आणला माझ्या मित्राने, रूबेनने. अंबडच्या एका कारखान्यात जन्मभर फिटर होता. निवृत्त झाल्यावर लोक नातवंडं खेळवतात किंवा राजकारणावर बोलतात. रूबेनने नाशिक रोडला घराच्या तळमजल्यावर लाकडी घाणा टाकला. हल्ली लाकडी घाण्याच्या तेलाला गिऱ्हाईक पुष्कळ. संस्थेने त्याला सुरुवातीला हात दिला. आता त्याच्या डोक्यात दुसरं होतं. दुकानावरचा माळा रिकामा पडला होता, तिथे नाशिक आणि देवळालीकडच्या आमच्या कुटुंबांसाठी प्रार्थनेची खोली करायची. आज ही मंडळी सणाला कुणाच्या तरी हॉलमध्ये सोफे सरकवून उभी राहतात. त्या खोलीचं ठरवायला या वेळी संस्थेच्या एस्तेरबाई स्वतः येणार होत्या. ऐंशीच्या पुढच्या. त्या हो म्हणाल्या की खोली झाली, नाही म्हणाल्या की माळ्यावर पुन्हा गोणपाटं.

कसारा घाट चढताना मी खिडकीशी बसलो होतो. पावसाळ्यात इथे लोक धबधब्यांचे फोटो काढतात, पण मला थंडीतला घाट आवडतो. डोंगर वाळून पिवळे पडलेले, मधूनच काळ्या कड्यावर कोवळं ऊन. इगतपुरीला वडा घेतला. वडा गरम होता, मिरची त्याहून गरम. डोळे पुसायला घाईघाईने पिशवीतला टॉवेल ओढला, आणि एक बाटली डब्यात घरंगळत गेली. ती थेट एका फेटेवाल्या आजोबांच्या पायाशी थांबली.

आजोबांनी उचलून लेबल न्याहाळलं. "काय हाय हे?"

"द्राक्षाचा रस," मी म्हणालो.

"कुठं चालला?"

"नाशिकला."

आजोबांनी बाटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, शेजारच्या माणसाकडे पाहिलं. "माझी तीन एकर द्राक्षबाग हाय पिंपळगावला," ते म्हणाले, "आन् हे साहेब आमाला रस घेऊन चाललेत." डबा हसला. मी उठून कमरेत वाकून नमस्कार केला. हशा मिळाला की वाकायचं असतं, मग तो कुणावर का असेना.

नाशिक रोडला रूबेन स्कूटर घेऊन हजर. उंच, वाळका, पांढऱ्या मिशांचा माणूस; हाताला तेलाचा वास आणि पँटच्या खिशात अजूनही टेस्टर. "सॅमी, जाड झालास," हे त्याचं स्वागत. आधी काळ्या मसाल्याच्या मिसळीवर नेलं, बरोबर भाजलेला पापड, वर जिलेबी. मग गल्लीबोळांतून दुकान.

वास आधी आला. भाजलेले शेंगदाणे, ओलं लाकूड आणि किंचित गोडूस काहीतरी. मग आवाज. कुरकुर म्हणावं तर नाही, घरघर म्हणावं तर नाही. म्हातारं माणूस जेवल्यावर खुर्चीत बसून गुणगुणतं ना, तसा. मोठं लाकडी उखळ, त्यात तिरकी उभी केलेली जाड लाट (दाणे रगडणारा लाकडी खांब), आणि ती गोल फिरवणारी मोटर. उखळाशी काशिनाथ बसला होता. हा पेठकडच्या डोंगरातला, वर्षाचे काही महिने भात-नागली करतो, उरलेले महिने रूबेनकडे घाणा सांभाळतो. येताना गावची खुरासणी (काळं बारीक तेलबी, कारळे) घेऊन येतो.

दुकानापुढे गर्दी होती. मला वाटलं, धंदा जोरात दिसतो.

"हे शनीचं तेल," रूबेनची बायको मझलवहिनी बाटल्या भरता भरता म्हणाली. "उद्या शनिवार. मारुतीला, शनीला तेल वाहायचं, आणि आमचं दुकान शनिवारी बंद. मग सगळे शुक्रवारी येतात. काही जण शनिवारी तेल घरात आणत नाहीत, त्यांचंही भागतं."

मी मोठ्याने हसलो. काय जमवलंय! ज्यू शनिवारी विकत नाही, हिंदू शनिवारी वाहतो, आणि मधल्यामध्ये शुक्रवार उजळून निघतो.

ऊन कलायला लागलं तसा रूबेनने भिंतीवरचा खटका बंद केला. लाट दोन फेरे आळसात फिरली आणि थांबली. गल्ली एकदम शांत झाली. काशिनाथने उखळ पुसलं, पेंड (तेल निघाल्यावर उरलेला चोथा) पोत्यात भरली, हातपाय धुतले. रूबेनने शटर अर्धं खाली ओढलं.

आणि तेवढ्यात कोपऱ्यावर गाडी येऊन थांबली. आधी ऑर्ली उतरली, मग एक काठी, मग काठीमागून एस्तेरबाई. ठेंगण्या, गोऱ्या, केस कापलेले, पांढरी पँट, गळ्यात जाड मोत्यांची माळ आणि तोंडात आमच्या पणजीच्या काळची मराठी.

"रूबेन तूच काय रे? किती हा उंच! तुझ्या घरात कुणी तुला जेवायला घालीत नाही की काय?" मझलवहिनीचा चेहरा पडला, तोच बाईंनी तिचा गालगुच्चा घेतला. "थट्टा करत्ये गो."

शुक्रवारची संध्याकाळ म्हणजे आमच्या शब्बाथची (शनिवारच्या विसाव्याची) सुरुवात. दिवे लागले, नाशिक-देवळालीची मंडळी जमली. सोफे सरकवले गेले. मी वाजतगाजत बाटल्या टेबलावर मांडल्या. किद्दुश, म्हणजे शब्बाथच्या स्वागताची प्रार्थना, द्राक्षाच्या पेयावर म्हणतात. ऑर्लीला वाटलं होतं, इथे धर्माच्या नियमात बसणारं काही मिळणार नाही.

मझलवहिनीने बाटल्या पाहिल्या, "छान आहेत" म्हणाली, आणि फ्रिजमध्ये लोणच्याच्या मागे ठेवून दिल्या. मग झाकलेलं पातेलं आणलं. काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, फडक्याने गाळलेलं सरबत. कोकणात वाइन कुठली? तेव्हापासून आमच्या घरांत किद्दुश याच सरबतावर होतो. एस्तेरबाईंनी प्याला नाकाशी नेला आणि वास भरभरून घेतला. मग ऑर्लीला म्हणाल्या, "तुझ्या त्या बाटल्या कुणी आणल्या?"

"सॅमी अंकलनी."

"परत नेतील तेही तेच."

जेवणात नारळाच्या दुधातलं माशाचं कालवण, भात आणि तुपाशिवायची पुरणपोळी, कारण मासे-मटणाच्या जेवणात आम्ही दूधतूप घेत नाही. जेवण झाल्यावर मी उभा राहिलो. गलबत फुटल्याची कथा सांगितली. समुद्राची लाट मी, खडक मी, बुडणारा नावाडी मी. किनाऱ्यावरचं नारळाचं झाड होताना माझं डोकं पंख्याच्या अगदी जवळ गेलं. लहान पोरं खूश, मोठी माणसं त्याहून खूश.

सगळं इतकं छान चाललेलं असताना ऑर्लीने उद्याचा बेत सांगितला. "उद्या सकाळी नाश्ता, मग एस्तेरमावशी घाणा चालताना बघणार, दुपारी आराम, पाचला मुंबईकडे निघायचं. पहाटेचं विमान आहे."

रूबेनने हातातला प्याला खाली ठेवला. "घाणा चालताना?"

"हो."

"उद्या?"

ऑर्ली हो म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिचं तोंड उघडं राहिलं.

आता ही चूक कशी झाली, ते ऐका. इतर कुणाच्या हातून ती झालीच नसती. संस्था वर्षानुवर्षं असे दौरे करते. शुक्रवारी प्रार्थना, शनिवारी आपल्या लोकांचा वारसा पाहणे. हा वारसा म्हणजे आजवर सिनेगॉग, कबरी, जुने फोटो. सगळं जागच्या जागी उभं. शनिवारी पाहिलं काय, मंगळवारी पाहिलं काय. हलणारा वारसा त्यांना पहिल्यांदाच भेटला होता. बरं, रूबेनलाही बेत आधी कळवला होता. त्यात 'घाणा पाहणे' एवढंच होतं. त्याला वाटलं, पाहणे म्हणजे पाहणे. शनिवारी घाणा चालू करायला कुणी सांगेल, आणि तेही आपल्यातलं माणूस, हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. शनिवार तेल्याचा घाणा पाहायला शनिवारी बोलावणं! मला हसू आवरेना. पण एस्तेरबाईंचं तोंड पाहिलं आणि आवरलं.

सकाळी मी गल्लीच्या तोंडाशी उभा होतो. बाई आणि ऑर्ली जवळच्या लॉजवर उतरल्या होत्या. रिक्षा आली ती थेट दुकानापर्यंत आली नाही, कोपऱ्यावर थांबली. शब्बाथला वाहनात बसायचं नाही, म्हणून शेवटचं थोडं अंतर चालायचं. आमच्यातली ही जुनी रीत. देवाला सगळं दिसतं, पण शेजाऱ्यापाजाऱ्यांचा मान राहतो.

"तू काही पाहिलं नाहीस," बाई मला म्हणाल्या.

"मी तर अजून उठलोच नाही, मावशी."

"गुडघ्याला शनिवार कळत नाही रे."

रूबेनने शटरखालून त्यांना आत घेतलं, खुर्ची दिली. समोर घाणा, गप्प. बाईंनी काठी बाजूला ठेवली आणि त्याच्याकडे पाहत राहिल्या.

"माझे आजोबा घाणा चालवीत," त्या म्हणाल्या. "वडलांनी मी पाळण्यात असताना गाव सोडला. त्यांच्या तोंडून सारखं ऐकलं, घाण्याचा आवाज असा, घाण्याचा वास तसा. मी काही पाहिलं नाही. या गुडघ्यांनी आता पुन्हा विमानात बसणं व्हायचं नाही. तेव्हा हे शेवटचं येणं, रूबेन. पाच मिनिटं फिरव."

मझलवहिनी दारात उभी होती. पदराचं टोक तिने मुठीत घट्ट धरलं होतं, आणि डोळे नकळत वर, माळ्याकडे गेले होते.

"अंकल," ऑर्ली हळूच म्हणाली, "तुम्ही नका करू. काशिनाथ करेल. तो कुठे ज्यू आहे?"

काशिनाथ दाढी करून, धुतलेला शर्ट घालून मारुतीला निघाला होता. तो थांबला. "ताई, यांची सुटी ती माझी बी सुटी. पयल्याच दिवशी सांगितलंय यांनी. तुमच्या देवानंच सांगितलंय म्हणं, चाकराला बी बसवायचं."

"बैलालासुद्धा," मी पुष्टी जोडली.

"बैल नाय इथं," काशिनाथ म्हणाला, "मीच हाय." आणि टोपी सारखी करून गेला.

"मग टायमर?" ऑर्लीने धीर सोडला नव्हता. "परदेशात सगळे लावतात. दिवे आपोआप लागतात, आपोआप विझतात."

"ते शुक्रवारी लावून ठेवायचे असतात, पोरी," रूबेन म्हणाला. "आणि टायमरचं मला शिकवतेस? जन्म गेला माझा त्या खटक्यांत. लावला असता तरी घाणा फिरला की गल्ली म्हणाली असती, रूबेनने शनिवारी दुकान उघडलं. बास." मग तो बाईंच्या खुर्चीपाशी उकिडवा बसला. आवाज अगदी बारीक झाला होता. "मावशी, तुमच्या आजोबांनीही आज फिरवला नसता."

"माझ्यासाठी फिरवला असता," बाई म्हणाल्या. "नात होत्ये मी त्यांची."

रूबेन उठला. बाईंनी तोंड फिरवलं.

दुपारचं जेवण थंड होतं, शुक्रवारी केलेलं, कारण शब्बाथला चूल पेटवत नाहीत. तळलेल्या माशाच्या तुकड्या, चपात्या, बटाट्याची भाजी. बाई मोजकं जेवल्या. रूबेन जेवलाच नाही. आत स्वयंपाकघरात मझलवहिनी त्याच्यावर दबक्या आवाजात ओरडत होती, ते मला भिंतीपलीकडून ऐकू आलं.

"पाच मिनिटांनी काय आकाश कोसळणार होतं? पोरांना उभं राहायला जागा मिळाली असती."

"आणि त्या जागेत उभं राहून म्हणायचं काय? शनिवार पवित्र पाळा?"

वहिनीची भांडी बराच वेळ वाजत राहिली.

मी बाईंपाशी जाऊन बसलो. गोष्ट सांगू का, विचारलं. "काल बुडलास तेवढं पुरे," त्या म्हणाल्या. म्हणून नुसता बसलो. नटाला नुसतं बसणं फार कठीण. भिंतीवरची पाल मोजली. एकच होती.

तेवढ्यात शटर खडखडलं. खालून एक चेहरा वाकून आत डोकावला. समोरच्या निकमकाकू. हातात पूजेचं ताट.

"रूबेनभाऊ, अहो, घोटाळा झाला. काल तेल न्यायचं राहिलं. शनीला निघाले आणि बाटली रिकामी. एवढं वाटीभर द्या ना."

रूबेन बाहेर आला. "काकू, आज नाही हो विकत."

"ते मला ठाऊक नाही होय? वीस वर्षांची शेजारीण मी. माझंच चुकलं. शुक्रवारी यायचं असतं, म्हणून आमचे हे कालच ओरडत होते." काकू स्वतःवरच चिडल्या होत्या. "जाते. शनी काय, पुढच्या आठवड्यात घेईल."

"थांबा," मझलवहिनी आतून आली. हातात घरातल्या स्वयंपाकाच्या तेलाची वाटी. "हे दुकानाचं नाही. हे माझ्या फोडणीचं. न्या."

"उद्या आणून देते हं."

"उद्या दुकानातून विकत घ्या, मग मला परत द्या," वहिनी म्हणाली, आणि दोघी हसल्या.

काकू गेल्या. एस्तेरबाई शटरखालच्या उजेडाच्या पट्टीकडे पाहत होत्या. त्यांनी मला विचारलं, "ही बाई ज्यू आहे?"

"कोण, निकमकाकू? छे!"

"मग तिला कुणी सांगितलं, शुक्रवारी यायचं म्हणून?"

"गल्लीलाच माहीत आहे, मावशी."

काठीचं टोक फरशीवर टेकवून बाई विचार करत होत्या, आणि मध्येच खुदकन हसल्या. "आणि मी एवढी विमानातून आल्ये, ती शनिवारी," त्या म्हणाल्या.

पाच वाजायच्या आधीच ड्रायव्हर येऊन उभा राहिला. घाटात ट्रक, पुढे भिवंडीला ट्रक, त्यामुळे आत्ता निघायलाच हवं, असं त्याचं म्हणणं. ऑर्लीने बॅग उचलली.

"आज तारे कधी दिसतात?" बाईंनी रूबेनला विचारलं.

शनिवारी संध्याकाळी आकाशात तीन तारे दिसले की शब्बाथ संपतो. रूबेनने बाईंकडे पाहिलं. त्याला कळायला जरा वेळ लागला. "सूर्य बुडाला की मग थोड्या वेळाने. पण मावशी, तुमचं विमान?"

"विमान पहाटेचं आहे. तुझा घाणा संध्याकाळचा." मग ड्रायव्हरला, "तू मिसळ खाल्लीस का रे? नाही? मग नाशिकला कशाला आलास? जा, खाऊन ये."

मग काय विचारता! ऑर्ली गुगलवर तारे शोधायला निघाली, तेव्हा शब्बाथला फोन बंद असतो याची मी आठवण करून दिली. मुद्दाम, मोठ्याने. बाई म्हणाल्या, आता सांग तुझी गोष्ट, वेळ आहे. मी पुन्हा बुडलो. या वेळी त्यांनी दोनदा चूक काढली. नावाड्याचं नाव त्यांच्या आजोबांच्या तोंडी वेगळं होतं, आणि झाड नारळाचं नव्हे, पोफळीचं होतं. काशिनाथ मारुतीहून परतला, त्याला मी खडक केला. तो उत्तम खडक निघाला.

उजेड मावळला तसे आम्ही सगळे गल्लीत येऊन उभे राहिलो, माना वर. खुर्ची बाहेर आणली. रस्त्यावरचे दिवे आधीच लागले होते, त्यात तारा दिसणं महाकठीण. निकमकाकू गॅलरीत आल्या. "काय बघताय हो सगळे?"

"तारे!"

"थांबा, आमच्या गच्चीवरून दिसतील," आणि त्या पोरासोरांना घेऊन वर गेल्या. थोड्या वेळाने वरून आरोळी आली. "एक दिसला! दुसरापण! तिसरा विमान आहे, धरू नका!"

काशिनाथने आपलं बोट वर केलं. "तिथं. टाकीच्या उजवीकडं. तो तिसरा."

रूबेनने खात्री करून घेतली. मग आत, टेबलाभोवती. शब्बाथला निरोप द्यायची प्रार्थना, तिला हवदाला म्हणतात. उरलेलं मनुकांचं सरबत, वास घ्यायला सब्ज्याची डहाळी, आणि दोन मेणबत्त्या एकत्र धरून पेटवलेली एक ज्योत. ती सरबतात बुडवून विझवली. चर्रर झालं. शनिवार गेला.

"आता," बाई म्हणाल्या.

रूबेनने खटका दाबला. लाट हलली, थबकली, मग तो म्हाताऱ्याच्या गुणगुणण्यासारखा आवाज सुरू झाला. काशिनाथ दाणे ओतत होता, वरून पाण्याचा हबका मारत होता. बाई उठल्या. एक हात उखळाच्या कडेवर ठेवला. लाकूड थरथरत होतं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

तेल यायला अर्धा तास लागतो. बाहेर ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. मग पुन्हा. मग खालच्या नळीतून पहिली धार आली, गढूळ, मातकट सोनेरी.

"हे भरून दे मला," बाई म्हणाल्या.

"मावशी, हे असं नेत नाहीत. दोन दिवस ठेवून निवळायला हवं. माझी लाज जाईल."

"जाऊ दे. मला हेच हवं."

रूबेनने एक लहान बाटली भरली. बाईंनी ती स्वतःच्या हातातल्या पर्समध्ये ठेवली. गाडीत बसल्या, काच खाली केली, सगळ्यांना हात केला. माळ्याबद्दल एक शब्द नाही. रूबेनने विचारलं नाही. वहिनीनेही नाही. गाडी कोपऱ्यावरून वळली आणि आम्ही आत येऊन राहिलेलं तेल गाळलं.

रविवारी दुपारच्या गाडीने मी परत निघालो. बॅगेत तेलाची बाटली, निवळलेल्या तेलाची. पिशवीत माझ्या त्याच द्राक्षरसाच्या बाटल्या. ठाण्याला घरी पोचतो न पोचतो तोच फोन वाजला. परदेशी नंबर.

"सॅमी? पोचल्ये रे. पण काय झालं माहित्ये? विमानतळावर तपासणीच्या पोरीने पर्स उघडली. म्हणे, बाटली आत नेता येणार नाही. मी म्हटलं, तेल आहे. ती म्हणे, म्हणूनच. टोपलीत टाका. मी म्हटलं, थांब. बाटली उघडली आणि तिथेच उभी राहून हाताला लावलं, मानेला लावलं, केसांना लावलं. मागे रांग ही एवढी. बाटली रिकामी करून टोपलीत टाकली आणि गेल्ये. सगळं विमान शेंगदाण्यासारखं घमघमत होतं. शेजारचा साहेब दोनदा उठून दुसरीकडे बसला." त्या हसायला लागल्या आणि मग थांबल्या. "आजोबांना असाच वास येत असेल, नाही?"

"असाच," मी म्हणालो.

"रूबेनला निरोप सांग. खोलीला मोठी खिडकी कर म्हणावं, आकाशाच्या बाजूला. गुडघेदुखीच्या माणसांना दर शनिवारी गल्लीत उभं राहायला लावायचं नाही."

निरोप मी लगेच सांगायला हवा होता. पण इतका चांगला प्रवेश हातात असताना कोण घाई करतो? मी रूबेनला फोन लावला, आधी विमानतळाची गोष्ट सांगितली, पोरीचा आवाज काढून, रांगेचा आवाज काढून. मग म्हणालो, थांब, जरा चहा टाकतो.

"सॅमी," तो म्हणाला, "मार खाशील."

मी खिडकीचं सांगितलं. या वयात इकडून तिकडून फिरताना मी पुष्कळ दगड पाहिले, पुष्कळ कबरींवरची नावं वाचली, आणि त्यांना रंग लावायला संस्थांची माणसं आली की मनापासून टाळ्याही वाजवल्या. पण आपलं म्हणून जे काही आहे ते एखाद्या निकमकाकूला कॅलेंडरसारखं पाठ असणं, हे मी नाशिक रोडला पाहिलं.

"काशिनाथचा मेहुणा गवंडी आहे," रूबेन म्हणाला. "त्याला उद्या बोलावतो. खिडकी कुठल्या बाजूला म्हणालास?"

मी पुन्हा सांगितलं, ओरडून, कारण त्याला ऐकू येत नव्हतं. मागे घाणा फिरत होता. रविवार होता.